पगार एक, आकडे तीन: धर्मादाय संस्थेतला पगार, लाभ आणि पगाराची संगणक प्रणाली

एका प्रकल्प समन्वयकाचे नेमणूकपत्र समोर ठेवू. त्यात लिहिले आहे, महिना ३६,००० रुपये: मूळ पगार २२,०००, घरभाडे भत्ता ९,०००, प्रवास भत्ता ५,०००. महिनाअखेरीस तिच्या खात्यात ३४,००० येतात, कारण भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापलेले असतात. संस्थेचा तिच्यावरचा खर्च मात्र ४०,००८ रुपये होतो.

या वरच्या ४,००८ रुपयांची फोड अशी. निधीत संस्थेचा वाटा १२ टक्के. कायद्याची पगारमर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे आणि संस्था त्या मर्यादेवरच वर्गणी भरते असे धरले, तर हा वाटा १,८०० रुपये. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० निधीत. याशिवाय ठेव संलग्न विमा योजनेचे (निधीला जोडलेला आयुर्विमा) ७५ आणि प्रशासकीय शुल्काचे ७५. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सुटताना द्यायच्या एकरकमी देण्यासाठी, दरमहा बाजूला ठेवायची रक्कम, २२,००० गुणिले १५ भागिले २६ आणि मग भागिले १२, म्हणजे १,०५८ रुपये. कुटुंबासह आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १२,००० धरला तर महिन्याला १,०००. बेरीज ४,००८.

देणगीदाराकडे पाठवायच्या अंदाजपत्रकात बहुतेक वेळा ओळ येते ती ‘प्रकल्प समन्वयक, ३६,००० × १२’ अशी. तिथेच वर्षाचे ४८,०९६ रुपये सुटतात. संस्थेत असे २८ जण असतील तर साडेतेरा लाखांच्या आसपास रक्कम कोणत्याही अनुदानात नसते. ती मग सर्वसाधारण निधीतून, म्हणजे पाचशे-हजाराच्या छोट्या देणग्यांतून भरली जाते. नाहीतर भरलीच जात नाही. धर्मादाय संस्थेत पगाराची जबाबदारी घेणाऱ्याचे खरे काम इथे सुरू होते. हातात पडणारा, पत्रात लिहिलेला आणि संस्थेला लागणारा हे तिन्ही आकडे प्रत्येक माणसासाठी, प्रत्येक महिन्याला जुळवायचे; आणि तिसऱ्या आकड्याचा प्रत्येक रुपया कोणत्या देणगीतून आला ते दाखवता यायला हवे. कंपनीतल्या पगार विभागाला हा दुसरा हिशेब सहसा नसतो.

‘मानधन’ या शब्दाची किंमत

सामाजिक संस्थांत ‘पगार’ म्हणायला संकोच वाटतो. ‘मानधन’ म्हटले की काम सेवेसारखे वाटते. शब्द चांगला आहे, पण त्याच्या आडून दरमहा ठरावीक रकमेवर, सकाळी दहा ते सहा, संस्थेच्या मस्टरवर सही करणाऱ्या माणसाला ‘सल्लागार’ दाखवले जाते. निधी नाही, रजा नाही, विमा नाही, फक्त १० टक्के करकपात. कायदा नावाकडे पाहत नाही. वेळ कोण ठरवतो, कामावर देखरेख कोणाची, रजा कोणाकडून मंजूर होते, ही व्यक्ती स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवू शकते का, तिची इतर कामे आहेत का, एवढेच तो पाहतो. आठवड्यातून एकदा येऊन हिशेब तपासणारा लेखापाल सल्लागार असू शकतो. रोज पाड्यावर जाऊन समन्वयकाला अहवाल देणारी ताई नाही.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला लागू होतो. ही २० मोजताना कंत्राटी आणि तात्पुरतेही धरले जातात, आणि एकदा लागू झाला की संख्या पुढे १५ वर आली तरी तो सुटत नाही. १४ जण पगारावर आणि ११ जण मानधनावर ठेवून ‘आम्हाला लागू नाही’ म्हणणाऱ्या संस्थेची चौकशी लागली, तर थकबाकी मागच्या तारखेपासून काढली जाते. मोठा फटका पुढे आहे. जो वाटा कर्मचाऱ्याच्या त्या-त्या महिन्याच्या पगारातून कापायचा होता, तो वेळेवर कापला नाही तर नंतर त्याच्याकडून वसूल करता येत नाही. म्हणजे दोन्ही वाटे, २४ टक्के, संस्थेच्या माथी. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि जून २०२४ पासूनच्या दराने महिन्याला १ टक्का नुकसानभरपाई. देणगीदार या रकमेला एक पैसाही देत नाही.

दुसरी सवय अकरा महिन्यांच्या कराराची. करार संपला, एक दिवसाचा खंड, पुन्हा करार. काम तेच, गाव तेच, वरिष्ठ तोच, तर असा कृत्रिम खंड सेवेत खंड म्हणून टिकत नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे कामगारांविषयीचे चार नवे कायदे, अमलात आल्या आहेत आणि ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षे थांबावे लागत नाही. एक वर्ष सेवा झाली की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी देय होते. तीन वर्षांच्या प्रकल्पावर तीन वर्षांसाठी घेतलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी म्हणजे त्या प्रकल्पाचाच खर्च. तो अंदाजपत्रकात लिहायला संकोचू नये.

याच संहितांनी ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या एकसारखी केली. घरभाडे, प्रवास असे वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात परत मिळवायचा. आपल्या उदाहरणात भत्ते १४,०००, निम्मे १८,०००. म्हणून वेतन २२,००० च राहते. पण मूळ पगार १२,००० आणि भत्ते २४,००० अशी रचना असेल, तर १८,००० च्या वरचे ६,००० मिळवून वेतन १८,००० धरायचे आणि ग्रॅच्युइटी त्यावर मोजायची. मूळ पगार मुद्दाम छोटा ठेवणाऱ्या जुन्या पगाररचना म्हणूनच एकदा तपासायला हव्यात. त्याआधीही, २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच होते की सगळ्यांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता निधीसाठी मूळ वेतनात धरला पाहिजे.

बोनसबद्दल थोडक्यात. नफ्यासाठी न चालणाऱ्या समाजकल्याण संस्था, रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांना बोनसची सक्ती जुन्या १९६५ च्या कायद्यातही नव्हती आणि नव्या वेतनसंहितेतही नाही. दिवाळीला काही द्यायचे तर ते विश्वस्तांच्या ठरावाने, ‘सानुग्रह रक्कम’ म्हणून द्यावे. त्यावर करकपातीचा हिशेब इतर पगारासारखाच.

ग्रॅच्युइटी: बारा वर्षांचे देणे, एका वर्षाची देणगी

संस्था अडचणीत येतात त्या बहुतेक इथे. सूत्र सोपे आहे: शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरायचे. आपली समन्वयक ११ वर्षे ७ महिन्यांनी गेली तर वर्षे १२, रक्कम १,५२,३०८ रुपये. कमाल मर्यादा २० लाख.

या बारा वर्षांत तिने समजा तीन देणगीदारांच्या प्रकल्पांवर काम केले. पहिल्या दोघांचे हिशेब बंद होऊन लेखापरीक्षण झाले. तिसरा म्हणतो, ‘आमच्याकडे ती दोनच वर्षे होती, बाराची रक्कम आम्ही का द्यायची?’ त्याचे म्हणणे बरोबर आहे. तिचे मागणेही बरोबर आहे, कारण तिची नोकरी संस्थेत होती, प्रकल्पात नव्हती. चूक दर महिन्याला थोडी थोडी झालेली असते: ज्या महिन्यात काम झाले, त्या महिन्याच्या देणगीतून ४.८१ टक्के रक्कम बाजूला निघाली नाही.

मग बाजूला कुठे ठेवायची? नुसती ताळेबंदात तरतूद दाखवणे धर्मादाय न्यासाला दोन कारणांनी अपुरे पडते. प्राप्तिकरातल्या सवलतीसाठी उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करायची असते आणि आता खर्च मोजला जातो तो प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच. कागदावरची तरतूद त्या ८५ टक्क्यांत येत नाही. दुसरे म्हणजे, देणगीदाराचा लेखापरीक्षक तरतूद मान्य करायला नाखूश असतो. पैसे खरोखर बाहेर गेल्याची पावती त्याला हवी असते. म्हणून एलआयसी किंवा अन्य विमा कंपनीच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत मान्यताप्राप्त निधीमार्फत दरवर्षी वर्गणी भरणे, हा बहुतेक मध्यम संस्थांसाठी योग्य मार्ग. पैसा गेला, पावती मिळाली, आणि तो विश्वस्तांना दुसऱ्या अडचणीसाठी उचलता येत नाही.

एक खाच मात्र राहते. दरमहा ४.८१ टक्के भरत गेलात तरी रक्कम कमी पडते, कारण ग्रॅच्युइटी सगळ्या वर्षांसाठी शेवटच्या वेतनावर मोजली जाते. १२,००० मूळ पगार असताना महिन्याला ५७७ रुपये भरले होते. आज त्याच जुन्या महिन्याची किंमत २२,००० वर मोजायची आहे. निधीवरचे व्याज हे अंतर काहीसे भरते, पगारवाढ मोठी असेल तर भरत नाही. दरवर्षी विमागणितज्ञाकडून मूल्यांकन करून घेतले की तूट आकड्यात दिसते. वाढीव पगाराचा ठराव विश्वस्तांपुढे ठेवताना ‘या वाढीमुळे मागच्या सेवेची ग्रॅच्युइटी इतकी वाढेल’ अशी एक ओळ त्यात असलीच पाहिजे.

एकाच पगाराला तीन खिसे

परदेशी देणगी, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारी निधी आणि स्थानिक देणग्या, या तिघांचे नियम वेगळे.

परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. पगार सरसकट प्रशासकीय धरायचे, हा गैरसमज फार आहे. विश्वस्त-पदाधिकाऱ्यांचे वेतन, व्यवस्थापनासाठी घेतलेल्या माणसांचे पगार आणि प्रवास, कार्यालयाचा खर्च हे प्रशासकीय. उद्दिष्टासाठी थेट काम करणाऱ्यांचे पगार, उदाहरणार्थ संस्थेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचे किंवा शाळेतल्या शिक्षकांचे, त्यातून वगळलेले आहेत. म्हणून पदनाम आणि कामाचे वर्णन यांना पैशाइतके महत्त्व येते. जी व्यक्ती दिवसभर शेतकरी गटांचे प्रशिक्षण घेते, तिचे पद ‘व्यवस्थापक, प्रशासन’ असे छापलेले असेल तर लेखापरीक्षकाला ती प्रशासकीय वाटणारच.

कंपन्यांच्या निधीत ५ टक्क्यांची मर्यादा आहे, तीही वारंवार चुकीची वाचली जाते. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, तिच्या त्या वर्षाच्या एकूण सामाजिक खर्चाच्या ५ टक्के. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्प-कर्मचाऱ्यांचा पगार हा प्रकल्पाचा खर्च असतो. ‘आमच्याकडे पगाराला पाचच टक्के बसतात’ असे कंपनीचा माणूस म्हणाला, तर नियम नम्रपणे त्याच्यासमोर ठेवावा. काही कंपन्यांचे स्वतःचे धोरण पगाराला कमी पैसे देण्याचे असते; तो त्यांचा निर्णय, कायदा तसे सांगत नाही.

आता एक माणूस ६० टक्के वेळ एका प्रकल्पावर आणि ४० टक्के दुसऱ्यावर असेल तर? ४०,००८ पैकी २४,००५ एकीकडे आणि १६,००३ दुसरीकडे. हे प्रमाण करारातून आणलेले असून चालत नाही, त्या महिन्याच्या कामाच्या वेळपत्रकातून यायला हवे. तपासणीत सापडणारी नेहमीची चूक म्हणजे टक्क्यांची बेरीज १०० च्या वर जाणे. तिन्ही प्रस्तावांत त्याच लेखापालाचे ५० टक्के लिहिलेले, तिन्ही मंजूर झाले, आणि संस्था नकळत एका पगाराचे दीड पगार घेत राहिली. हे परत करण्याची वेळ आली की पैसा जातो आणि विश्वासही. उपाय सोपा: नवा प्रस्ताव पाठवण्याआधी सगळ्या माणसांचा आणि सगळ्या प्रकल्पांचा एकच तक्ता पाहायचा, कोणत्याही ओळीची बेरीज १०० च्या पुढे गेली की प्रस्ताव थांबवायचा.

परदेशी देणगीचा पैसा स्थानिक पैशात मिसळता येत नाही, त्यामुळे अशा विभागलेल्या पगाराच्या बँकेच्या फाइलही दोन निघाल्या पाहिजेत. भविष्य निर्वाह निधीचे चलान मात्र एकच निघते. ते कोणत्या खात्यातून भरायचे आणि दुसऱ्याचा वाटा कसा दाखवायचा, याची पद्धत लेखापरीक्षकाशी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावी. मार्चमध्ये ठरवायला बसलात तर अकरा महिन्यांच्या नोंदी उलट्या कराव्या लागतात.

करापुरत्या तीन गोष्टी. मार्चचा पगार ३१ मार्चच्या आत दिला तरच तो त्या वर्षाच्या ८५ टक्क्यांत मोजला जातो. एप्रिलच्या ५ तारखेला दिला तर पुढच्या वर्षात. कर कापायचा असून कापला नाही, तर त्या खर्चातला ३० टक्के भाग उद्दिष्टावरचा खर्च मानला जात नाही. आणि एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर ती रक्कम अजिबात धरली जात नाही. दुर्गम भागातल्या शिबिरांची मजुरी इथे हमखास अडकते.

विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला पगार देणे मुळातच निषिद्ध नाही, पण न्यासपत्रात परवानगी हवी, ज्याचा पगार ठरतोय तो त्या ठरावाच्या वेळी बाहेर हवा, आणि तशाच कामाला बाजारात काय मिळते याचा कागद फाइलला हवा. वाजवीपेक्षा जास्त ठरलेल्या भागावर ३० टक्के कर लागतो, आणि पहिल्यांदा तेवढ्याच रकमेचा, पुन्हा केल्यास दुप्पट दंड होऊ शकतो.

विमा, रजा, बाळंतपण

दहा किंवा अधिक माणसे असतील तर कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते का ते आधी तपासा. मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये, अपंग कर्मचाऱ्यासाठी २५,०००. वर्गणी कर्मचाऱ्याची ०.७५ आणि संस्थेची ३.२५ टक्के. संहितांमुळे वेतनाची व्याख्या बदलल्याने सीमेवरची सगळी नावे पुन्हा पाहावी लागतात. इथली ठरलेली चूक अशी: जुलैमध्ये पगार मर्यादेच्या वर गेला म्हणून लगेच कपात थांबवतात. वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. कालखंडाच्या सुरुवातीला जो आत होता, तो शेवटपर्यंत आत राहतो. कपात थांबवली तर संस्थेकडे थकबाकी निघते आणि कर्मचाऱ्याच्या उपचाराचा हक्क धोक्यात येतो.

मर्यादेच्या वरच्यांसाठी समूह आरोग्य विमा. वैयक्तिक पॉलिसीवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, समूह पॉलिसीवर १८ टक्के कायम आहे. अंदाजपत्रकात तो धरा. पॉलिसी निवडताना सगळे जण विम्याच्या रकमेकडे पाहतात, पण घात होतो खोलीभाड्याच्या अटीत. तीन लाखांचे कवच, खोलीभाडे एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. रुग्ण चार दिवस ६,००० च्या खोलीत राहिला. खोलीचे २४,००० पैकी १२,००० मिळतील एवढेच नाही. शस्त्रक्रिया, डॉक्टर, शुश्रूषा यांचे ८०,००० असतील तर तेही त्याच प्रमाणात निम्मे, ४०,०००. औषधे आणि शरीरात बसवलेल्या साधनांचे ३०,००० पूर्ण. एकूण बिल १,३४,०००, मिळाले ८२,०००. कवच तीन लाखांचे असूनही खिशातून ५२,००० गेले. हप्ता थोडा वाढला तरी ही अट काढून टाकणे किंवा ‘एका माणसाची साधी खोली’ अशी करून घेणे मोलाचे. वाटाघाटीत हे आधी मागा, कवचाची रक्कम नंतर.

नवे कर्मचारी, लग्न, जन्मलेले बाळ यांची नावे ठरलेल्या दिवसांत विमा कंपनीला कळवावी लागतात. हे काम कोणाचे ते ठरलेले नसेल तर दावा नाकारल्यावरच कळते. मोटरसायकलवर गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी अपघात विमा वेगळा घ्या; त्याचा हप्ता तुलनेने फार कमी असतो आणि अपंगत्वाची भरपाई आरोग्य विम्यात नसते.

बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, अट मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाल्याची. राज्य विमा योजनेत असलेल्या बाईला हा लाभ तिथून मिळतो. इतरांचा पगार संस्थेने द्यायचा. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यासाठी ओळ नसते आणि बदली माणसाचा पगारही लागतो. म्हणून ‘आता लग्न झालेल्या मुली नकोत’ असे दबक्या आवाजात बोलले जाते. हे महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांतही ऐकू येते, आणि ते थांबले पाहिजे. एकूण पगाराच्या एक ते दीड टक्के रक्कम दरवर्षी रजा राखीव म्हणून सर्वसाधारण निधीत बाजूला काढली, तर अशी रजा संकट राहत नाही. किती टक्के लागतील ते आपल्या संस्थेतल्या स्त्रियांच्या संख्येवरून आणि वयोगटावरून काढावे.

प्रणाली घेण्याआधी

एक्सेलवर ४० माणसांपर्यंत पगार निघतो, पण त्यातले सूत्र कोणी बदलले याची नोंद राहत नाही. प्रणाली कोणतीही घ्या; बाजारात तयार सेवा भरपूर आहेत, आणि मुंबईच्या फ्रॅप कंपनीची फ्रॅप एचआर मुक्तस्रोत आहे. निवडताना विक्रेत्याला तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा: एका माणसाचा पगार दोन प्रकल्पांत दर महिन्याला वेगळ्या टक्क्यांनी विभागणे, खर्चाच्या स्रोतानुसार बँकेच्या वेगळ्या फाइल काढणे, आणि प्रकल्पाला निधी व ग्रॅच्युइटीसकट पूर्ण खर्च लावणे. अनेक प्रणाली पगार विभागतात, संस्थेचा वाटा मात्र एकाच खात्यात टाकतात. तिथे पुन्हा एक्सेल सुरू होते.

सगळ्यात जास्त वेळ माहिती साफ करण्यात जातो. आधार, पॅन आणि यूएएन (भविष्य निर्वाह निधीतला सदस्याचा क्रमांक) या तिन्हींत नाव सारखे हवे. आपल्याकडे एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. मधले नाव कुठे वडिलांचे, कुठे नवऱ्याचे. लग्नानंतर आधार बदलले, पॅन माहेरच्या नावाचे. नाव जुळले नाही की निधीची रक्कम काढताना अर्ज परत येतो, आणि तो येतो नोकरी सुटल्यावर, जेव्हा पैशाची खरी गरज असते. जुन्या फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर त्यातली मराठी नावे नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हे होऊन उतरतात. ती हातानेच टाकावी लागतात. आयएफएससी कोडही तपासा. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, आणि क्षेत्रीय कार्यकर्त्यांची खाती बरीचशी अशाच बँकांत असतात.

नव्या कर्मचाऱ्याचा यूएएन १ ऑगस्ट २०२५ पासून उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. रुजू होण्याच्या दिवशी कार्यालयातच, संस्थेच्या फोनवर आणि चांगल्या नेटवर्कमध्ये हे उरकून घ्या. धडगाव किंवा धारणीच्या आतल्या गावात गेल्यावर ते महिनाभर रेंगाळते. त्याच वेळी वारसाचे नाव भरून घ्या. लग्नाआधी आई-वडिलांच्या नावे केलेले निधीचे नामांकन लग्नानंतर रद्द होते, नवे भरावे लागते. ठेव संलग्न विम्याची रक्कम ७ लाखांपर्यंत असते. वारसाचे नाव भरलेले नसेल तर कुटुंबाला ती मिळवायला कार्यालयांच्या फेऱ्या माराव्या लागतात.

एका दिवसाचा बिनपगारी कापायचा तर भागाकार कशाने, हे प्रणालीला आधी सांगावे लागते. ३६,००० ला ३० ने भागले तर १,२००, ३१ ने १,१६१, २६ ने १,३८५. कोणतेही एक धोरणात लिहा आणि सगळ्यांना तेच लावा.

हजेरीसाठी मोबाइल अ‍ॅप घेणार असाल तर ते नेटवर्कशिवाय नोंद साठवून नंतर पाठवणारे हवे. माणूस कुठे आहे हे कामाच्या वेळेपुरतेच नोंदवा आणि कशासाठी नोंदवतो ते मराठीत लिहून द्या. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. बँक तपशील, आजारपणाचे कागद, आधारच्या प्रती सगळ्यांना उघड्या दिसणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवण्याचे दिवस गेले.

जुनी आणि नवी पद्धत किमान दोन महिने समांतर चालवा, त्यातला एक महिना पगारवाढीचा किंवा कोणी सोडून गेल्याचा असेल असा निवडा. फरक रुपयापर्यंत शोधायचा. ‘दोन-तीन रुपये राउंडिंगचे असतील’ म्हणून सोडून दिलेला फरक बहुतेकदा चुकीच्या सूत्राचा असतो. व्यवसाय कराचा फेब्रुवारी वेगळा तपासा: त्या महिन्यात २०० ऐवजी ३०० कापायचे असतात, वर्षाचे २,५०० होण्यासाठी. स्त्रियांना २५,००० पर्यंत हा कर नाही. प्रणालीत स्त्री-पुरुष ही नोंद चुकली की कर चुकतो.

महिन्याचे वेळापत्रक भिंतीवर लावण्यासारखे आहे. २५ तारखेला हजेरी आणि वेळपत्रके बंद. त्यानंतर आलेली रजा पुढच्या महिन्यात. महिनाअखेरीपर्यंत एकाने पगारपत्रक तयार करायचे, दुसऱ्याने मागच्या महिन्याशी ताडून पाहायचे: कोण नवे, कोण गेले, कोणाचा आकडा बदलला आणि कशाने. ७ तारखेच्या आत पगार (मार्चचा मात्र ३१ मार्चच्या आत), त्याच तारखेला कापलेला प्राप्तिकर (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), १५ तारखेला निधी आणि राज्य विमा. चलान भरल्यावर पगारपत्रकातली निधीची बेरीज, चलानाची रक्कम आणि बँकेतून गेलेली रक्कम, तिन्ही एका पानावर लिहून सही करायची. बहुतेक चोऱ्या आणि चुका या एका पानावर पकडल्या जातात.

कोणी सोडून गेले की नव्या वेतनसंहितेप्रमाणे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. क्षेत्रीय कामात अडते ते उचलीपाशी: कार्यक्रमासाठी घेतलेले १५,०००, व्हाउचर आलेले ११,०००, बाकी कुठे याचा पत्ता नाही. उचल ३० दिवसांत मिटवायचा नियम रोजचा ठेवला तर शेवटच्या दिवशी तगादा लावावा लागत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर नोकरी सोडल्याची तारीख त्याच महिन्याच्या विवरणानंतर लगेच भरा. ती राहिली की त्या माणसाची रक्कम नव्या नोकरीत हस्तांतरित होताना अडू शकते, आणि संस्थेतला सगळा कर्मचारीवर्ग बदलला तरी तो अर्ज तुमच्याच दारात येत राहतो.

बँक खाते बदलण्याची विनंती ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर नोंदीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून त्या व्यक्तीचा आवाज ऐका, रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचे पान मागा, आणि पगारपत्रक करणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाकडून तो बदल मंजूर करून घ्या.